आमचा पाय का वाजतो?



गेल्या वर्षी गणपतीत हॉलवर आरतीच्या वेळी स्पीकरमधून ‘घूंऽऽऽ’ अशी जी साथ चालली होती, ती बऱ्याच जणांच्या लक्षात असेल. ती साथ आमची होती. म्हणजे आमच्या रास्पबेरी पायची. त्यानंतर दोन-तीन घरांतून फोन आले, की आमचीही पेटी शिटी मारते, खरखरते, टकटक करते, हे काय प्रकरण आहे? तेव्हा ‘सांगू कधीतरी’ म्हणून टाळलं. पण या मार्चमध्ये आमच्याच घरी असं काही झालं की आता लिहायलाच हवं.

ज्यांना ही वस्तू माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रास्पबेरी पाय म्हणजे पत्त्याच्या कॅटएवढ्या एका बोर्डावर बसवलेला पूर्ण कॉम्प्युटर. शाळेतल्या मुलांना स्वस्तात प्रोग्रामिंग शिकता यावं म्हणून केंब्रिजच्या काही मंडळींनी तो काढला. पहिला बोर्ड २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्रीला आला आणि त्याच वर्षापासून वेल्समधल्या पेनकोइड इथल्या सोनीच्या कारखान्यात तो बनू लागला. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे मुलांच्या कोडिंग क्लबमुळे एखादा येऊन पडलेला असतो. आमच्याकडे आहे तो पाय ४, २०१९ साली आलेलं मॉडेल. रेडिंगच्या आमच्या घरात तो टीव्हीखालच्या कपाटात बसून गाणी वाजवतो. त्याला एक पोर्टेबल हार्ड डिस्क जोडलेली आहे. तिच्यात नाट्यसंगीत, मुलीचे फोटो, आणि चार फायली अशा, की ज्यांच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे.

मार्चमध्ये बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं काढलेला माणूस. ‘पाय’ हे नाव ऐकून त्यांना पहिल्या दिवसापासून गंमत वाटत होती. “आमचे गुडघे वाजतात, तुमचा पाय वाजतो,” हा विनोद घरात किती वेळा झाला ते मोजलेलं नाही.

सुरुवात आमच्या नऊ वर्षांच्या लेकीनं केली. कपाटाजवळ बसून चित्र काढताना म्हणाली, “ती पेटी शिटी वाजवतेय.” आम्ही दोघांनीही कान लावले. काहीही नाही. बाबांनी कान लावला, तेही म्हणाले काही नाही. पोरीला गृहपाठ टाळायचाय असं आमच्यातल्या एकाचं मत पडलं (कोणाचं ते इथे लिहायची परवानगी मिळालेली नाही) आणि विषय संपला.

इथे आमची पहिली चूक झाली, म्हणून जरा थांबतो. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो असं आपण शाळेत शिकलो. पण तो वरचा आकडा लहान मुलांचा. वय वाढतं तशी वरची पट्टी आधी जाते. आमच्यासारख्या पस्तिशी ओलांडलेल्यांना १६,००० च्या वरचं ऐकू येईलच असं नाही, आणि साठी-सत्तरीच्या मंडळींची पट्टी आणखी खाली येते. तेव्हा मूल म्हणतं आवाज येतोय आणि घरातल्या मोठ्यांना येत नाही, तर बहुधा मूलच बरोबर असतं. खात्री करायला सोपा उपाय आहे. फोनवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारी फुकट ॲप मिळतात. फोनचा माइक बऱ्यापैकी वरपर्यंत ऐकतो. हे आम्ही तीन आठवड्यांनी केलं आणि पडद्यावर १६,५०० च्या आसपास एक सरळ, लखलखीत रेघ दिसली. लेकीला सॉरी म्हणावं लागलं.

आता प्रश्न असा, की ज्या बोर्डात फिरणारं, हलणारं काहीच नाही, तो आवाज काढतोच कसा?

तर हलणारं काही नाही हे खरं नाही. बोर्डाला ५ व्होल्ट मिळतात, पण आतल्या चिपना ३.३, १.८, साधारण १ अशी वेगवेगळी व्होल्टेज लागतात. ती करायला छोटी कॉइल असते आणि तिच्यातून जाणारा करंट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद केला जातो. करंट बदलला की चुंबकक्षेत्र बदलतं आणि कॉइलची तार व तिचा गाभा अगदी किंचित ओढला जातो, सुटतो. म्हणजे कॉइल थरथरते. लाखो हर्ट्झची थरथर कोणालाच ऐकू येत नाही, त्यामुळे एरवी शांतता असते. पण काम कमी असताना वीज वाचवण्यासाठी हे सर्किट सतत न चालता झटक्याझटक्यानं चालतं: थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद. हे झटके सेकंदाला काही हजार असले, की ते थेट आपल्या कानाच्या पट्टीत येतात. म्हणूनच कित्येकदा कॉम्प्युटर रिकामा बसला असताना शिटी येते आणि कामाला लागला की जाते, किंवा माऊस हलवला की सूर बदलतो. भुताटकी नाही, लोड बदलतोय एवढंच.

दुसरा वाजणारा म्हणजे कपॅसिटर. बोर्डावर तांदळाच्या कणीएवढे तपकिरी तुकडे दिसतात ते. त्यातले बरेचसे बेरियम टायटनेट नावाच्या सिरॅमिकचे असतात. या पदार्थाचा गुण असा, की व्होल्टेज बदललं की तो किंचित फुगतो-आकसतो. किंचित म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी. एवढ्याशा कणीचा आवाज कुठून येणार? पण ती बोर्डाला डाखानं घट्ट चिकटलेली असते आणि तिच्याबरोबर सगळा बोर्ड थरथरतो. तंबोऱ्याची नुसती तार छेडली तर किती ऐकू येईल? खाली भोपळा आहे म्हणून ती खोलीभर ऐकू येते. इथे बोर्ड हाच भोपळा. यामुळे बोर्ड बोटानं हलकेच दाबला (प्लास्टिकच्या केसवरून, उघड्या बोर्डाला नाही) आणि आवाज बदलला, तर बहुतेक वेळा हेच कारण असतं. केसचे स्क्रू नीट आवळून किंवा खाली रबराचे पाय लावून काम भागतं.

या दोन्ही आवाजांनी बोर्डाचं काही बिघडत नाही. कॉइल शिटी मारते म्हणून ती जळणार आहे असं नाही. वर्षानुवर्षं शिट्या मारणारे चार्जर आम्ही पाहिले आहेत. कामाला लागलेला पाय गरम होतो आणि ८० अंशांच्या वर गेला की स्वतःच वेग कमी करतो, तेही शिटीशी जोडू नका, ती वेगळी गोष्ट. (या छोट्या बोर्डांचे नखरे मात्र मजेशीर असतात. २०१५ साली पाय २ आला तेव्हा झेनॉन फ्लॅशनं त्याचा फोटो काढला की तो रीस्टार्ट व्हायचा! वीज सांभाळणाऱ्या एका उघड्या चिपवर प्रखर उजेड पडला की तिचा गोंधळ उडायचा. तिच्यावर चिकटवायची पुट्टी लावा, असा उपाय तेव्हा सांगितला गेला होता.)

आवाज कुठून येतोय हे शोधायला लोक थेट इंटरनेटवर धावतात. आमचं मत असं, की आधी स्पीकरची वायर काढा. आवाज बंद झाला तर दोष आवाजाच्या वाटेत आहे, चालूच राहिला तर बोर्ड, चार्जर, पंखा किंवा डिस्क यांपैकी कुणीतरी स्वतः वाजतंय. या एका गोष्टीनं निम्मं काम होतं. मग एका वेळी एकच वस्तू काढायची. दोन एकदम काढल्या आणि आवाज गेला, तर कुणामुळे गेला हे कळत नाही. ऑफिसात हे आम्ही ज्युनिअर मुलांना रोज सांगतो. घरी आल्यावर सगळ्या वायरी एकदम उपसून पुन्हा लावतो.

स्पीकरमधून येणाऱ्या आवाजांचं आधी उरकतो, म्हणजे गणपतीचा खुलासाही होईल.

पाय ४ पर्यंतच्या बहुतेक मोठ्या मॉडेलांना हेडफोनचं भोक आहे. त्यातून येणारा आवाज वेगळ्या दर्जेदार चिपमधून येत नाही. वेगानं चालू-बंद होणारे ठोके गाळून तो तयार केलेला असतो. त्यामुळे मागे थोडी खरखर राहते, आणि शांत आलापात ती जाणवते. कधी कधी माऊस हलवला, फाइल उघडली की स्पीकरमधून किरकिर येते. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तास-दोन तास घालवण्यापेक्षा दहा पौंडांच्या आसपास मिळणारं यूएसबी साउंड कार्ड घ्या, किंवा आवाज एचडीएमआयवरून टीव्हीला द्या. पाय ५ ला, म्हणजे २०२३ च्या मॉडेलला, हे भोकच ठेवलेलं नाही, तेव्हा तो प्रश्न त्यांनी मुळातूनच मिटवला.

‘घूंऽऽ’ची गोष्ट निराळी. इथली वीज भारतासारखीच ५० हर्ट्झची. तिचीच घरघर, ५० आणि १०० हर्ट्झची, स्पीकरमध्ये शिरते. आपल्या हॉलवर पाय एचडीएमआयनं प्रोजेक्टरला जोडला होता आणि ऑडिओ वायरनं हॉलच्या ॲम्प्लिफायरला. प्रोजेक्टरचा प्लग मागच्या भिंतीत, ॲम्प्लिफायरचा स्टेजपाशी. दोघांनाही अर्थिंग, पण दोन जागांच्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा बारीकसा फरक. आमच्या वायरींनी ते दोन्ही टोकांना जोडले आणि एक मोठं कडं तयार झालं. त्यातून फिरणारा करंट म्हणजे तुम्ही ऐकलेली साथ. उपाय दोन. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावणं, किंवा ऑडिओच्या वायरीत छोटा ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर घालणं. तो आता मंडळाच्या सामानाच्या खोक्यात आहे, कृपया कोणी घरी नेऊ नये.

त्या दिवशी एका काकांनी तिसरा उपाय सुचवला होता: अर्थची पिन काढून टाका. हे कधीही करू नका. इकडच्या प्लगमध्ये अर्थची पिन मुद्दाम लांब असते. ती आधी आत जाऊन बाकीच्या दोन भोकांवरची झाकणं उघडते, आणि बिघाड झाला तर तीच माणसाला वाचवते. घरघर ऐकलेली परवडली.

पंख्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तीन सेंटिमीटरचे पंखे धूळ बसली की घरघरतात, बेअरिंग झिजलं की खडखडतात. पंखा क्षणभर थांबवून पाहा, आवाज थांबला तर पंखाच. दोन-चार पौंडांची वस्तू आहे, तेल घालत बसू नका, बदला.

तर मार्चकडे येतो.

लेकीच्या शिटीनंतर तीन आठवड्यांनी, रात्री अकराच्या सुमारास, बाबा हॉलमध्ये झोपायच्या तयारीत होते. वरती आम्हाला हाक आली. “अरे, खाली ये. तुझी पेटी ठोके देतेय.” खाली येऊन पाहतो तर खरंच, टक्… टक्… टक्… मग चार-पाच सेकंद शांतता, मग पुन्हा. हा आवाज खालच्या पट्टीतला, बाबांना स्वच्छ ऐकू येणारा.

बाबांनी स्वयंपाकघरातून लांब स्क्रूड्रायव्हर आणला होता. वर्कशॉपमध्ये इंजिनाचा आवाज असाच ऐकतात: टोक इंजिनाला आणि मूठ कानाला. ते टोक उघड्या बोर्डाच्या दिशेनं निघालेलं पाहून आम्ही दोघंही एकदम ओरडलो. चालू बोर्डावर धातूचं टोक टेकवलं की शॉर्ट झालाच म्हणून समजा. मग बाबांनी गिफ्ट रॅपच्या कागदाची आतली पुठ्ठ्याची नळी शोधून काढली. गावाकडच्या चुलीच्या फुंकणीएवढी. एक टोक कानाला, दुसरं एकेका वस्तूपाशी. मंडळी, हे अवजार खरंच उत्तम आहे. फुकट, सुरक्षित, आणि दोन इंचांवरच्या दोन वस्तूंमधला फरक कळतो. तीस सेकंदांत ठरलं की ठोके हार्ड डिस्कचे.

हार्ड डिस्कचा असा ठोका ऐकला की आमच्या पोटात गोळा येतो. फिरत्या तबकडीवर वाचणारी सुई (तिला हेड म्हणतात) जागा शोधते, सापडत नाही, परत मागे जाऊन बसते, पुन्हा प्रयत्न करते. प्रत्येक प्रयत्नाचा एक ‘टक्’. आणि त्या डिस्कवर त्या चार फायली होत्या.

१९९२ च्या उन्हाळ्यात बाबांनी गावी आजीच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या होत्या. चार कॅसेट, प्रत्येकी तासाच्या. आजी २००१ साली गेली. २०१८ च्या सुट्टीत आम्ही त्या कॅसेट पुण्यात एकाकडून डिजिटल करून घेतल्या. पुढच्या दोन पावसाळ्यांत माळ्यावरच्या कॅसेटना बुरशी आली आणि बाबांनी त्या टाकून दिल्या, कारण “तुमच्याकडे कॉम्प्युटरवर आहेत ना.” होत्या. एकाच डिस्कवर. सीडीच्या दर्जाचा आवाज मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेतो, म्हणजे चार तासांचे अडीच जीबीसुद्धा होत नाहीत. पाच पौंडांच्या पेन ड्राइव्हवर मावलं असतं. आम्ही दोघं पगार घेतो तो लोकांचे डेटाबेस सांभाळायचा!

डिस्क ताबडतोब बंद केली. इथे घाईत केलेली प्रत्येक गोष्ट नुकसान वाढवते. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा एक जुना उपाय लोक सांगतात, तो करू नका, आत दमट हवेचं पाणी धरतं. पुन्हा पुन्हा चालू करून ‘आता वाचतेय का’ हेही बघू नका.

स्वस्थ बसून विचार केल्यावर जो प्रश्न ऑफिसात पहिला विचारतो तो आठवला: हे सुरू व्हायच्या आधी काय बदललं? फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही पाय टेबलावरून कपाटात हलवला होता. मूळचा चार्जर तिथे पुरेना, म्हणून एका जुन्या फोनचा चार्जर आणि खणात पडलेली दोन मीटरची लांबलचक बारीक केबल लावली होती. आणि लेकीची शिटी मार्चच्या पहिल्या आठवड्यातली.

बाबांना हे सांगितलं तर ते हसलेच. म्हणाले, “मग व्होल्टेज पडतंय. गावाकडं विहिरीवरची मोटर अशीच करते. नुसती गुणगुणते, उचलत नाही. आणि तशीच चालू ठेवली तर जळते.”

अगदी हेच होत होतं. आकडे मांडून बघा. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपियरचा चार्जर सांगितलेला आहे. आमच्या जुन्या चार्जरवर लिहिलं होतं ५ व्होल्ट, २.१ अँपियर. पाय स्वतः अँपियरभर घेऊ शकतो, आणि डिस्कची मोटर फिरायला सुरुवात करताना आणखी जवळपास तेवढाच करंट ओढते. झाले दोन अँपियर. बारीक केबलचा रोध जाऊन-येऊन पाव ओहम धरला, तरी दोन अँपियरला अर्धा व्होल्ट केबलमध्येच खर्च. पायपाशी पोचले साडेचार. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पाय ‘वीज कमी पडतेय’ अशी तक्रार करतो. पडदा जोडलेला असेल तर कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. आमच्या पायला पडदाच नाही, बिचारा कपाटात अंधारात तक्रार करत होता. नंतर त्याच्या लॉगमध्ये पाहिलं तर तीन आठवड्यांच्या तक्रारी रांगेत लागलेल्या.

डिस्कचं काय होत होतं, तर मोटर उचलायला जायची, व्होल्टेज पडायचं, हेड घाबरून जागेवर जायचं, मोटर थांबायची, व्होल्टेज पुन्हा वर यायचं की परत तेच. रात्रभर. हेड नेहमीसारखं सावकाश जागेवर जाणं आणि वीज तुटल्यावर झटक्यानं जाणं यात झिजेचा मोठा फरक असतो. मध्येच काही लिहिलं जात असेल तर तेही अर्धवट.

आणि ती शिटी? सकाळी लेकीला नळी दिली. तिनं पाय, डिस्क, टीव्ही सगळं तपासून भिंतीतल्या चार्जरवर बोट ठेवलं. शिटी पायची नव्हतीच, चार्जरची होती. डिस्क जोडली नसताना सूर एक, आणि तिनं सांगितलं की आधी तो “वरखाली वरखाली” होत असे. डिस्कच्या प्रत्येक प्रयत्नाला चार्जरवरचा लोड बदलत होता, तो तिला ऐकू येत होता. ठोके आम्हाला रात्रीच्या शांततेत कळले, तिला तीन आठवडे आधीच. कॉइलच्या शिटीनं काही बिघडत नाही असं वर लिहिलंय ते आम्ही मागे घेत नाही. पण एका सुरात वाजणारी शिटी आणि काही सेकंदांनी वरखाली होणारी शिटी यात फरक आहे. दुसरी ऐकू आली तर तिथे कुणीतरी पुन्हा पुन्हा काही करायचा प्रयत्न करतंय, ते कोण हे बघायला हवं.

(चार्जर उघडून बघायचा मोह अनेकांना होईल. नको. आतल्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहू शकतात.)

पुढचं काम सावकाश केलं. डिस्क स्वतःचा चार्जर असलेल्या यूएसबी हबवर लावली, म्हणजे तिला लागणारी वीज पायच्या वाट्यातून जाणार नाही. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपियरच मिळतात, हे खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं. हबवर लावताच डिस्क फिरली, ठोके थांबले. आम्ही श्वास सोडला, पण फायली नेहमीसारख्या कॉपी करायला घेतल्या नाहीत. साधी कॉपी खराब जागी अडकते आणि तिथेच डोकं आपटत राहते, त्यात अशक्त डिस्क कायमची जाऊ शकते. डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे, लिनक्सवर चालतो. तो आधी सगळ्या डिस्कवरचं सहज वाचता येण्यासारखं उचलतो, अडलेल्या जागांची यादी ठेवतो, आणि मग शेवटी एकेका अडलेल्या जागी परत जातो. मध्ये थांबवला तरी यादीमुळे तिथूनच पुढे सुरू होतो. पूर्ण डिस्कला दोन रात्री आणि एक दिवस लागला. बाबा मधून मधून नळी लावून ‘रुग्णाचे’ ठोके ऐकत होते.

तीन कॅसेट पूर्ण आल्या. चौथीच्या दुसऱ्या बाजूला मध्ये मध्ये शांतता आहे, सगळी मिळून ४० सेकंदं. तिथली जागा वाचता आली नाही. ऐकताना जात्याची घरघर अचानक तुटते आणि काही क्षणांनी परत सुरू होते. एक ओवी अर्ध्यावर राहिलीय. बाबांना तिचा शेवट आठवेना, मग कऱ्हाडच्या आत्याला फोन लावला. तिनं फोनवर म्हणून दाखवली, आणि ती म्हणत असताना लेकीनं बाजूला बसून फोनवरच रेकॉर्ड केली. आत्याची चाल आजीपेक्षा जरा वेगळी आहे, बाबांच्या मते चुकीची. त्यावर दोघांचा अजून वाद चालू आहे.

आता पायला त्याचा स्वतःचा चार्जर आहे, आखूड जाड केबल आहे, आणि ठोके देऊ शकेल असं फिरणारं काहीच नाही, कारण डिस्कच्या जागी एसएसडी आली. आवाज करत नाही म्हणून एसएसडी मरत नाही असं मात्र नाही. ती जाते तेव्हा न बोलता जाते. म्हणून ओव्यांच्या फायली एका पेन ड्राइव्हवर पुण्याला ताईकडे, एक प्रत क्लाउडवर आणि एक घरी. पाय ५ घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, की त्याला ५ अँपियरचा चार्जर सांगितलेला आहे. ३ अँपियरवर तो चालतो, पण मग यूएसबीला सगळे मिळून ०.६ अँपियरच देतो, आणि तेवढ्यावर पोर्टेबल हार्ड डिस्क उचलेलच याची खात्री नाही.

कोजागिरीच्या कार्यक्रमाला आम्ही नळी, एक चांगला चार्जर आणि जादा केबल घेऊन येणार आहोत. ज्यांचा पाय वाजतोय त्यांनी तो चार्जर-केबलसकट आणावा, नुसता बोर्ड आणून उपयोग नाही. मुलांनाही आणा, वरच्या पट्टीतलं ऐकायला ती लागतील. हार्ड डिस्क टकटक करत असेल तर मात्र कोजागिरीपर्यंत थांबू नका. आत्ता बंद करा आणि आम्हाला फोन करा.